वाचकांचे प्रश्न : जबड्याच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे

प्रश्न : माझे पती ४४ वर्षांचे. रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. झोपेत त्यांचा श्वास अडकतो, झोपेत दाबाने हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनचा (सीपॅप) मास्क सहन होत नाही, म्हणून दोन्ही जबडे पुढे घेण्याचं ऑपरेशन ठरलंय. घरी आल्यावर खायला काय द्यायचं? सूज किती दिवस राहते? मशीन लावायचं का? मळ्यात कधी जाता येईल?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, या ऑपरेशनमध्ये दोन्ही जबडे कापून साधारण १० मिलिमीटर पुढे घेतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी बसवतात. जीभ आणि टाळू जबड्याला धरून असल्याने तेही पुढे येतात आणि घशातली वाट रुंद होते. पट्ट्या हाड जागेवर धरतात, पण चावण्याचा जोर पेलण्याइतकं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर घाई केली तर पट्टी सैल होते, दातांची मिळणी बिघडते.

पहिले दोनेक आठवडे फक्त पातळ, गाळलेलं. दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा नाही. एकावेळी २०० ते २५० मिली, दिवसातून सात-आठ वेळा. ५० मिलीच्या सिरिंजला मऊ नळी लावून गालाच्या आतून हळूहळू सोडा. स्ट्रॉने ओढायला लावू नका. निव्वळ डाळीचं पाणी आणि नारळपाणी यांवर माणूस खंगतो आणि जखम रेंगाळते. ७५ किलो वजनाला रोज ९० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. एक लिटर दूध, ५० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, ४०० ग्रॅम दही आणि १०० ग्रॅम मूगडाळीचं घोटलेलं वरण, एवढ्यात ती जवळपास भरतात. दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) पिठाची पातळ आंबील, केळ्याचं गाळलेलं शेक, वरणात चमचाभर तूप हेही द्या. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

तिसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांनी परवानगी दिली, की जिभेने टाळूवर दाबून विरघळेल तेवढंच : गुरगुट्या भात, घोटलेली खिचडी. भरीत मऊ असतं म्हणून घरोघरी तेच आधी वाढलं जातं. पण त्यातले शेंगदाणे आणि कांद्याची पात टाक्यांत अडकते, मिरची झोंबते. ते नकोच. कळण्याची भाकरी आणि बट्टी तर बऱ्याच पुढची गोष्ट.

प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने दात स्वच्छ. क्लोरहेक्सिडिन (जंतू मारणारं चूळ भरायचं औषध) दिलं असेल तर ते ब्रशनंतर अर्ध्या तासाने.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. तेव्हा चेहरा ओळखू येत नाही, घाबरू नका. पहिले ४८ तास कापडात गुंडाळलेला बर्फ, २० मिनिटं ठेवून २० मिनिटं विश्रांती. पाठीमागे उशा रचून ३० ते ४५ अंशांत झोपवा. बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते. आठवड्यानंतर एकाच बाजूला पुन्हा सूज आली, ताप किंवा पू आला, तर लगेच दाखवा.

नाक दोन-तीन आठवडे शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची. वरचा जबडा सायनसमधून कापलेला असतो आणि जोराने हवा गालाच्या कातडीखाली शिरते. मशीनचंही याच कारणाने आपल्या मनाने काही करू नका. कधी सुरू करायचं ते सर्जननाच विचारा. मात्र विकूनही टाकू नका. साधारण सहा महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा होते, निर्णय तेव्हाच. नाक सुजलेलं असताना घोरण्यासारखा आवाज येतोच, त्यावरून ऑपरेशन फसलं असं समजू नका.

दोन गोष्टी मात्र जिवाशी खेळणाऱ्या आहेत. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. दुखण्यावरचं जास्तीचं कडक औषधही परस्पर नको, श्वास मंदावतो. आणि जबड्याला रबर बांधलेले असतील तर उशाशी कात्री, तार असेल तर तार कापायचं कटर. उलटी आली की कुशीवर वळवा, रबर कापा, तोंड मोकळं करा. कापायचं कुठे ते घरी येण्याआधीच दाखवून घ्या. रबर रोज बदलताना चूक होऊ नये म्हणून हुकांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दम लागला किंवा रक्त थांबेना, तर १०८ ला फोन करून जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, दूरच्या सर्जनची वाट पाहू नका.

मळ्यात सावलीत फेरी मारायला दोन-तीन आठवड्यांनी हरकत नाही. पण घड खांद्यावर घेणं, खाली वाकून काम, ट्रॅक्टरचे हिसके हे सहा आठवडे नाहीच. उन्हाळा असेल तर पाण्याकडे दुप्पट लक्ष. घोट घोट पिणारा माणूस पटकन कोरडा पडतो, लघवी गडद झाली की समजा. तंबाखू-गुटखा पूर्ण बंद, त्याने हाड जुळायला वेळ लागतो.

प्रश्न : ऑपरेशनला दोन महिने झाले. खालचा ओठ आणि हनुवटी अजून बधिर आहे. शिरपूरच्या डॉक्टरांनी थांबा म्हटलंय. किती थांबू?
— एक वाचक

उत्तर : भाऊ, खालचा जबडा कापतात त्याच्या आतून ओठाची नस जाते, ती ताणली जाते. संवेदना सहा महिने ते वर्षभरात हळूहळू परततात. मुंग्या येणं, टोचल्यासारखं होणं ही बहुधा सुधारणेची खूण. काहींना थोडा बधिरपणा कायम राहतो, हेही खरं. तोवर चहा मनगटावर थेंब टाकून पाहूनच प्या, दाढीला ब्लेडऐवजी ट्रिमर वापरा, जेवताना समोर आरसा ठेवा. विजेसारखी कळ मारत असेल तर मात्र न थांबता सर्जनना सांगा, त्याला वेगळं औषध असतं.