एप्रिलचा बेसबॉल: किती मनावर घ्यायचा?

मोसमाचे पहिले तीन आठवडे सरले की बेसबॉलवरचे प्रश्न एकदम वाढतात. निम्मे घाबरलेल्यांचे असतात, निम्मे हुरळलेल्यांचे. त्यांतल्या काहींना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न: आमच्या संघाने २० सामन्यांत ६ जिंकले, १४ गमावले. ऑफिसातले सगळे म्हणतात, यंदाचं संपलं. खरंच संपलं का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

संपलेलं नाही, पण वाट चढणीची आहे. मेजर लीगचा (अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल स्पर्धेचा) संघ मोसमात १६२ सामने खेळतो. २० सामने म्हणजे जेमतेम १२ टक्के. १४ साखळी सामन्यांच्या आयपीएलमध्ये बसवायचं तर पावणेदोन सामने. तेवढ्यावर कोणी चेन्नई किंवा मुंबईला मोडीत काढत नाही.

यात नशिबाचा वाटा किती, तेही बघा. तीसही संघ अगदी तुल्यबळ मानले आणि प्रत्येक निकाल नाणं उडवून ठरवला, तरी २० सामन्यांनंतर साधारण चार संघांचे विजय ७ किंवा त्याहून कमी असतील आणि चार संघांचे १३ किंवा त्याहून जास्त. वर्तमानपत्रं पहिल्या चौघांवर 'काय बिघडलं?' आणि दुसऱ्या चौघांवर 'यशाचं रहस्य' असे लेख छापतील. प्रत्यक्षात आठही संघ सारखेच.

घरी करता येईल असा अंदाज आकडेवारीवाल्यांत रूढ आहे. संघाच्या आजच्या नोंदीत ३५ विजय आणि ३५ पराभव मिळवायचे, त्यावरून टक्केवारी काढायची आणि ती उरलेल्या सामन्यांना लावायची. तुमच्या संघाचे ६ अधिक ३५ म्हणजे ४१. सामने २० अधिक ७०, म्हणजे ९०. ४१ भागिले ९० = .४५६. उरलेल्या १४२ सामन्यांत साधारण ६५ विजय, आधीचे ६ धरून ७१. २०२२पासून प्लेऑफमध्ये १२ संघ जातात, अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमधून प्रत्येकी सहा. शेवटच्या वाइल्ड कार्डसाठी (विभाग न जिंकता मिळणाऱ्या प्रवेशासाठी) २०२४मध्ये अमेरिकन लीगमध्ये ८६ विजय लागले, २०२३मध्ये नॅशनल लीगमध्ये ८४ पुरले. तुम्हाला ८६ गाठायचे तर उरलेल्या १४२पैकी ८० जिंकायला हवेत. अवघड आहे, अशक्य नाही.

हे गणित कधी कधी अंगावर काटा येईल इतकं जुळतं. टॅम्पा बे रेजने २०२३ची सुरुवात सलग १३ विजयांनी केली. ४८ भागिले ८३ म्हणजे .५७८, उरलेले १४९ सामने धरून एकूण ९९. मोसमाअखेर रेजचे विजय ९९च होते. बाल्टिमोर ओरिओल्सने १९८८मध्ये पहिले २१ सामने ओळीने गमावले. गणित म्हणतं ५४ विजय, झालेही ५४. इतकं नेमकं जुळणं हा योगायोग म्हणा, पण दिशा बरोबर होती.

आणि कधी तोंडघशीही पाडतं. वॉशिंग्टन नॅशनल्स २०१९च्या मे महिन्यात १९-३१वर (१९ विजय, ३१ पराभव) होते. या हिशेबाने ६९ विजय यायला हवे होते. त्यांनी ९३ मिळवले आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिकाही जिंकली. कारण डोळ्यासमोर होतं. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) ट्रे टर्नर बंट करताना (बॅट पुढे धरून चेंडू हळूच अडवताना) बोट मोडून एप्रिलच्या सुरुवातीलाच बाहेर गेला होता, मेच्या मध्यावर परतला. बुलपेन, म्हणजे सामन्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या पिचरांचा (चेंडू टाकणाऱ्यांचा) ताफा, हातात आलेले सामने घालवत होतं, पण शर्झर, स्ट्रासबर्ग आणि कॉर्बिन ही सुरुवातीच्या पिचरांची फळी शाबूत होती. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज २०२४मध्ये ७-१९वरून ८८ विजयांवर जाऊन आपला विभाग जिंकले, तेव्हाही सुरुवातीला त्यांचा पिचर व्हर्लँडर दुखापतीच्या यादीत होता.

म्हणून आधी दुखापतींची यादी उघडा. बाहेर बसलेले खेळाडू चांगले असतील आणि महिन्याभरात परतणार असतील, तर ३५-३५ऐवजी ४०-३० धरा. सगळे तंदुरुस्त असूनही ६-१४ असेल, तर ऑफिसवाल्यांचं म्हणणं अर्धंमुर्धं खरं समजा.

प्रश्न: विजय-पराभवापेक्षा रन्सचा फरक बघावा म्हणतात. कसा बघायचा? (एक वाचक, ठाणे)

केलेल्या रन्सचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्सचं सूत्र आहे हे, उत्तर म्हणजे अपेक्षित विजयांचं प्रमाण. समजा वरच्या ६-१४ संघाने ८० रन्स केल्या आणि ९५ दिल्या. ६४०० भागिले १५४२५ म्हणजे .४१५, २० सामन्यांत ८ विजय. थोडक्यात, दोन सामने नशिबाने गेले, बाकीचे स्वतःच्या कर्माने.

एक खबरदारी घ्या. एखादा सामना १८-२ असा गेला असेल, तर तो बाजूला काढून पुन्हा हिशेब करा. अशा सामन्यात शेवटी शेवटी राखीव फील्डरला पिचिंगला उभं करतात आणि त्याने दिलेल्या रन्सवरून संघाबद्दल काहीच कळत नाही. २० सामन्यांत असा एकच सामना सगळं चित्र फिरवतो.

प्रश्न: फॅन्टसी लीगमधल्या माझ्या मुख्य बॅटरची सरासरी .२०० आहे. काढून टाकू का? दुसरा एक जण पहिल्या दोन आठवड्यांत सात होमरन मारून बसलाय, तो घेऊ का? (एक वाचक, पुणे)

बॅटिंग सरासरी (हिट्स भागिले एट-बॅट, म्हणजे वॉक वगैरे वगळून मोजलेल्या पाळ्या) हा एप्रिलमधला सगळ्यात कुचकामी आकडा. खरा .२७०चा बॅटर ८० एट-बॅटमध्ये निव्वळ नशिबाने .२२० ते .३२०च्या मध्ये कुठेही असू शकतो, आणि तीनांतल्या एका वेळी त्याच्याही बाहेर. सरासरीवर विश्वास ठेवायला अख्खा मोसमसुद्धा अपुरा पडतो. त्याउलट स्ट्राइकआऊटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण साधारण ६० वेळा प्लेटवर, म्हणजे बॅटिंगला, आल्यावर अर्थपूर्ण होऊ लागतं, वॉकचं (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट बेस मिळण्याचं) १२०च्या सुमारास, होमरनचं (मैदानापार फटक्यांचं) १७०च्या.

तेव्हा आधी स्ट्राइकआऊट गेल्या वर्षीपेक्षा वाढलेत का ते बघा. वाढले नसतील, तर खेळात राहिलेल्या चेंडूंवरची सरासरी काढा: हिट्समधून होमरन वजा करा आणि त्याला एट-बॅट वजा स्ट्राइकआऊट वजा होमरन अधिक सॅक्रिफाइस फ्लाय (झेल जाऊनही रन मिळवून देणारे फटके) याने भागा. तुमच्या बॅटरचे ८० एट-बॅट, १६ हिट्स, २ होमरन, १६ स्ट्राइकआऊट, १ सॅक्रिफाइस फ्लाय धरू. १४ भागिले ६३ म्हणजे .२२२. लीगची ही सरासरी .२९० ते .३००च्या आसपास असते. पाच चेंडू फील्डरच्या हातांऐवजी दोन फुटांवर पडले असते तर हाच माणूस .२६० वर असता. ठेवा त्याला.

मात्र जोरात चेंडू मारणंच बंद झालं असेल तर नशिबाला दोष देऊ नका. बॅटवरून ताशी ९५ मैल किंवा जास्त वेगाने सुटणाऱ्या फटक्यांचं प्रमाण बेसबॉल सॅव्हंट या वेबसाइटवर फुकट बघायला मिळतं. लीगमध्ये ते ४० टक्क्यांच्या आसपास असतं. क्रिस डेव्हिसचं उदाहरण घ्या. २०१९च्या एप्रिलमध्ये ओरिओल्सच्या या बॅटरची आधीच्या सप्टेंबरपासूनची सलग ५४ एट-बॅट कोरडी गेली. १३ एप्रिलला बॉस्टनमध्ये एकदाची हिट मिळाली. पण त्याची २०१८ची अख्ख्या वर्षाची सरासरीच .१६८ होती. एप्रिलने नवं काही सांगितलं नव्हतं.

आता सात होमरनवाला. डेट्रॉइट टायगर्सच्या क्रिस शेल्टनने २००६च्या एप्रिलमध्ये १० होमरन मारले. मोसमाअखेर त्याच्या नावावर १६ होते आणि जुलैअखेर त्याला मायनर (खालच्या) लीगमध्ये धाडलं होतं. टायगर्स त्या वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले, तो नव्हता. टफी ऱ्होड्सने १९९४मध्ये शिकागो कब्सकडून पहिल्याच दिवशी पिचर ड्वाइट गुडनला तीन होमरन मारले. वर्षभरात झाले आठ. (पुढे जपानमध्ये त्याने साडेचारशेहून जास्त मारले, हा भाग वेगळा.) उलट कोलोरॅडोचा ट्रेव्हर स्टोरी २०१६मध्ये पहिल्या सहा सामन्यांत सात मारून आला तो टिकला, अंगठ्याच्या दुखापतीने मोसम ऑगस्टच्या सुरुवातीलाच संपूनही २७ झाले. घ्यायचा असेल तर फुकटात मिळतोय तोवर घ्या. त्याच्या बदल्यात सिद्ध झालेला खेळाडू देऊ नका.

प्रश्न: पिचरचा ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावरच्या रन्स) ६.५० झालाय. तोच नियम? (तेच वाचक)

थोडा निराळा, कारण पिचरच्या बाबतीत एक आकडा पहिल्या दिवसापासून खरं बोलतो: फास्टबॉलचा वेग. तुलना मागच्या एप्रिलशी करा, सप्टेंबरशी नको. थंडीत आणि सुरुवातीला बहुतेकांचा वेग थोडा कमीच असतो. एप्रिल ते एप्रिल ताशी दोन मैल कमी झाले असतील तर कोपराची किंवा खांद्याची बातमी कधीही येऊ शकते, मग ईआरए काहीही असो. आम्ही अशा पिचरला, ईआरए २.००चा असला तरी, विकून मोकळे होऊ.

वेग जागेवर असेल तर ईआरए सोडा आणि फील्डिंगचा वाटा वगळून हिशेब करा. होमरन गुणिले १३, अधिक वॉक व अंगावर लागलेले चेंडू गुणिले ३, वजा स्ट्राइकआऊट गुणिले २. त्याला इनिंगने भागून साधारण ३.१ मिळवा. २५ इनिंगमध्ये ३ होमरन, ७ वॉक, एकाला चेंडू लागलेला, २८ स्ट्राइकआऊट: ३९ अधिक २४ वजा ५६ म्हणजे ७. भागिले २५, अधिक ३.१, म्हणजे सुमारे ३.४. असा पिचर ६.५०चा म्हणून कोणी सोडत असेल तर लगेच उचला.

प्रश्न: यँकीजच्या त्या फुगीर बॅटचं पुढे काय झालं? (एक वाचक, नाशिक)

२९ मार्च २०२५ला न्यूयॉर्क यँकीजने मिलवॉकी ब्रूअर्सवर २०-९ असा विजय मिळवला, नऊ होमरन मारून. पहिल्या तीन चेंडूंवर तीन. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'टॉर्पेडो बॅट'चा गाजावाजा. एमआयटीत शिकलेला भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅरन लीनहार्ट याची ही कल्पना: टोकाकडचं लाकूड कमी करून बॅटरचा चेंडू जिथे जास्त वेळा लागतो तिथे सरकवायचं. बॅट एकाच लाकडाची आणि जाडी २.६१ इंचांच्या आत, म्हणून नियमात बसते. वजन हातांकडे आल्याने फिरवायला हलकी लागते. किंमत एवढीच की बाहेरच्या कोपऱ्यातला, टोकाला लागणारा चेंडू मऊ जातो. बॅट काही बॅटरांनी ठेवली, काहींनी सोडली. आणि त्या दिवशी तीन होमरन मारणारा अ‍ॅरन जज जुन्याच बॅटने खेळत होता, हे गदारोळात बऱ्याच जणांच्या लक्षात आलं नाही.

प्रश्न: एप्रिलमध्ये होमरन कमी का? (एक वाचक, कोल्हापूर)

थंड हवा दाट असते. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की उंच फटका तीन-चार फूट आधी पडतो. शिकागोतल्या ४५ अंशांतला आणि जुलैतल्या ८५ अंशांतला तोच फटका यांत बारा ते सोळा फुटांचं अंतर, म्हणजे झेल आणि होमरन यांतलं. छप्पर असलेल्या मैदानांवर मात्र ही सबब चालत नाही.

प्रश्न: खरोखर बुडालेला संघ एप्रिलमध्येच ओळखता येतो का? (एक वाचक, बे एरिया)

येतो, जर आधीच्या वर्षी तो वाईट होता आणि सुरुवातही वाईट झाली. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२३मध्ये १०१ सामने गमावले होते. २०२४मध्ये ते ३-२२वर आले आणि शेवटी १२१ हरले. कोलोरॅडो रॉकीजही दोन वर्षं शंभराहून जास्त सामने हरून २०२५मध्ये उतरले, ९-५०वर गेले आणि ११९ हरले. अशांना ३५-३५ लावू नका, २८-४२ लावा. चांगल्या सुरुवातीवर मात्र एवढा भरवसा नको: ब्रूअर्स १९८७मध्ये १३-०, मग २०-३ होते, मेमध्ये सलग १२ हरले आणि ९१ विजयांवर प्लेऑफबाहेर राहिले. १९८४च्या टायगर्सनी ३५-५ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकली खरी, पण उरलेल्या १२२ सामन्यांत त्यांची नोंद ६९-५३ एवढीच होती.

प्रश्न: भारतातून सामने कधी बघायचे? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

न्यूयॉर्क, बॉस्टनकडचे संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांचे सामने आपल्याकडे पहाटे ४.३५ला सुरू होतात, कॅलिफोर्नियातले ७.१०चे सकाळी ७.४०ला. शनिवार-रविवारी दुपारचे सामने बघा. पूर्व किनाऱ्यावरचा १.०५चा सामना आपल्याकडे रात्री १०.३५ला लागतो.