लहान मूल आहे, भाड्याचं घर ऑफिसजवळ घ्यावं की लांबच्या, मोकळ्या भागात?

दोन्हींपेक्षा पाळणाघर किंवा शाळा जिथून जवळ, तो भाग घ्या. मूल अचानक तापलं की फोन तिथूनच येतो आणि दोघांपैकी एकाला तरी 20 मिनिटांत पोचता आलं पाहिजे.

ठरवण्याआधी मुलाला घेऊन बागेपर्यंत चालत जाऊन बघा. नकाशावर 5 मिनिटांचं दिसणारं अंतर तीन वर्षांच्या पावलांना 15 मिनिटं घेतं. मधे मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर ती बाग असून नसल्यासारखीच. एक चक्कर रात्री नऊनंतरही मारा, आवाज तेव्हाच कळतो. भाड्यात रोजच्या प्रवासाचा खर्च मिळवून मगच तुलना करा. घर थोडं लहान असलं तरी चालेल. पहिला करार शक्यतो कमी मुदतीचा करा.