'संरक्षण यंत्रणा' म्हटलं की गेटवरचा वॉचमन

नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: मानसशास्त्रावरच्या पत्रकात 'डिफेन्स मेकॅनिझम'ला (म्हणजे त्रासदायक भावना दूर ठेवायला मन आपसूक करतं त्या खटाटोपाला) 'संरक्षण यंत्रणा' लिहिलं, तर कामगारांना गेटवरचे वॉचमन आठवले. दुसरा शब्द आहे का?

कामगारांचं काही चुकलं नाही. नाशिककरांना 'संरक्षण' म्हटलं की देवळालीच्या तोफा आणि ओझरची विमानंच दिसणार. त्यात 'यंत्रणा' म्हणजे कुणीतरी नेमलेली. मनात असं कुणी ड्युटीवर नसतं.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याचा जर्मन शब्द 'आब्वेर'. १८९४च्या त्याच्या लेखाच्या नावातच तो आहे. अर्थ, अंगावर येणारं परतवून लावणं. म्हणून मी 'बचाव' घेईन, पण त्याच्या आधी 'नकळत' लावूनच. नाहीतर कोर्टातला बचाव पक्ष उभा राहतो. मशीनवर केलेला जॉब, म्हणजे नग, रिजेक्ट झाल्यावर 'मटेरियलच खराब होतं' असं ऑपरेटर जाणूनबुजून सांगतो, ती सबब. त्याला स्वतःलाच ते मनापासून खरं वाटत असेल, तर तो नकळत बचाव.

पोटप्रकारांना तर म्हणीच वापरा. 'डिस्प्लेसमेंट'ला, म्हणजे एकाचा राग दुसऱ्यावर काढण्याला, 'विस्थापन' लिहिलंत तर लोकांना धरणग्रस्त आठवतील. मॅनेजरने सुपरवायझरला झापलं, सुपरवायझर हेल्परवर घसरला: वड्याचं तेल वांग्यावर! अर्थात ही म्हण मुद्दाम केलेल्यालाही चालते, तेवढं पत्रकात सांगावं लागेल. मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्सने १९०८मध्ये 'रॅशनलायझेशन' (आपल्या वागण्याला नंतर पटेलसं कारण जोडणं) मांडलं, त्याला कोल्ह्याची आंबट द्राक्षं आहेतच. (नाशकात द्राक्षांना आंबट म्हणणं जिवावर येतं, पण इलाज नाही.)

एकाच म्हणीत न मावणारी गोष्ट म्हणजे अख्ख्या संस्थेचा बचाव. लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेतल्या मनोविश्लेषक इझाबेल मेन्झिस यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस एका रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास केला. तिथे रुग्णाला नावाने न ओळखता '१० नंबरच्या खाटेवरचं लिव्हर' म्हणत. एकाच रुग्णाची कामं अनेकींत वाटलेली, प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची. मरणाशी, दुखण्याशी रोज भिडण्याच्या धास्तीपासूनचा बचाव असा कामाच्या पद्धतीतच मुरवलेला. इंग्रजीत त्याला 'सोशल डिफेन्स' म्हणतात. 'सामाजिक बचाव' नको, त्याला मोर्चाचा वास येतो. 'कामाच्या रीतीतला बचाव' लांब आहे, पण एका जॉब कार्डावर पाच सह्या घेत फिरलेल्या माणसाला तो लगेच कळेल.