लहानपणीचा बाप्तिस्मा धरला जात नाही का?

प्रश्न: मी तान्ही असताना माझा बाप्तिस्मा झाला, मला त्यातलं काहीच आठवत नाही. लग्नानंतर ज्या चर्चमध्ये जातेय तिथले पास्टर म्हणतात की तो धरला जात नाही, पुन्हा पाण्यात उतरून घे. आई हे ऐकूनच रडायला लागली. मुळात पाण्याने पाप धुतलं जातं का, आणि जात असेल तर दोनदा कशाला?

उत्तर: ताई, पाण्यात स्वतःची अशी काही पावर नाही. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:२१) सरळच लिहिलंय की हे अंगाचा मळ काढणं नव्हे. पण म्हणून ती नुसती फॉर्मॅलिटी पण नाही. मला प्रेषित पौलाचं म्हणणं जास्त भिडतं आणि खरं सांगायचं तर थोडं घाबरवतं पण, कारण रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात तो चक्क पुरण्याची भाषा करतो, ख्रिस्ताच्या मरणात सामील व्हायचं, त्याच्यासोबत पुरलं जायचं आणि तो उठला तसं आपण नव्या जीवनात चालायचं. आता मेलेला माणूस स्वतःला पुरत नाही ना, दुसरे पुरतात, म्हणून तर बाप्तिस्मा कोणी स्वतःच स्वतःला देत नाही. आणि हे पत्र ज्यांना लिहिलंय त्यांचे बाप्तिस्मे आधीच झालेले होते, तरी पापाशी झगडा चालूच होता, पण पौल त्यांना परत घ्या असं कुठे म्हणत नाही, झालाय त्याचा अर्थ ओळखा, स्वतःला पापाला मेलेले समजा म्हणतो.

तुमच्या पास्टरांचं म्हणणंही हवेतलं नाही हं. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र आधी पश्चात्ताप करा म्हणतो आणि मग बाप्तिस्मा घ्या (२:३८), म्हणून बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल मंडळ्या विश्वास कबूल केल्याशिवाय देत नाहीत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन बाळांना देतात, त्यांचा भर देवाच्या कृपेवर, आणि ते फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याकडे बोट दाखवतात, त्याच्या सगळ्या घराचा एका रात्रीत बाप्तिस्मा झाला, फक्त त्या घरात तान्ही मुलं होती की नाही हे काही लिहिलेलं नाही! हा वाद इतका पेटला होता की १५२७ मध्ये झुरिचला फेलिक्स मान्झ नावाच्या माणसाला मोठेपणी बाप्तिस्मा देण्यावरून नदीत बुडवून मारलं, तेही ख्रिस्ती लोकांनीच.

मला विचाराल तर परत घेऊ नका. नायसीन क्रीडमध्ये, म्हणजे चर्चच्या जुन्या विश्वासाच्या कबुलीत, "एकच बाप्तिस्मा" म्हणतात, आणि आठवत नाही म्हणून झालेलं रद्द होत नाही, देवाने तुम्हाला धरलं ते तुमच्या मेमरीवर थोडंच अवलंबून आहे? आता विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायचाय तर दृढीकरण (लहानपणीचा बाप्तिस्मा मोठेपणी स्वतः कबूल करण्याचा विधी) घ्या, ते झालं असेल तर मंडळीपुढे साक्ष द्या. पास्टरांना आधी विचारा की एवढ्यावर सभासद करून घेतील का. काही मंडळ्या घेतात, काही अजिबात नाही, आणि नाही म्हणाले तर त्या चर्चमध्ये राहायचं का हे नवऱ्यासोबत बसून ठरवा, आईला बरं वाटावं किंवा पास्टर नाराज होऊ नयेत एवढ्यासाठी नको.

प्रश्न: बाप्तिस्म्याआधीच माणूस वारला तर तारण नाही?

उत्तर: येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या चोराला कुठे वेळ मिळाला होता, तरी प्रभूने त्याला आजच सुखलोकात असशील म्हटलं. कॅथलिक शिकवणीतही तयारी चालू असताना कोणी वारला तर त्याची इच्छा धरली जाते.