पणजीचा शोध सातबाऱ्यापासून सुरू करू नका

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आहे. त्यांची पणजी गुहागरकडची. बाविसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात एक मुलगा, पुढचं सगळं आयुष्य आलवणात, म्हणजे विधवेच्या तांबड्या लुगड्यात गेलं. घरात एवढंच माहीत. कुलवृत्तांतात, म्हणजे घराण्याच्या छापील वंशावळीत, तिचं नुसतं नाव, तेही सासरचं. गावी काकांकडे सातबारा मागितला, तर त्यांनी फोन उचलणंच सोडलं.

ताई, मला काकांचा राग येत नाही. वीस वर्षांनी परदेशातून पुतणीचा फोन येतो आणि ती सातबारा मागते, तेव्हा कोकणातल्या माणसाला एकच शब्द ऐकू येतो: वाटणी! आधी त्यांना सांगून टाका, की आंब्याच्या कलमांतलं एक झाडही मला नको.

शिवाय सातबाऱ्यात ती सापडणारही नाही बहुधा. 1956 चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत विधवेला जमिनीची पूर्ण मालकी नसायची. तिच्या वाट्याला अन्नवस्त्र. त्यामुळे ती भेटलीच तर भावाभावांच्या जुन्या वाटपपत्रात भेटेल, ‘अमुकाने पोटास द्यावे’ अशा एखाद्या ओळीत. कागद मोडी लिपीत असेल तर फोटो काढून जाणकाराला दाखवा.

त्यापेक्षा श्राद्धाच्या तिथ्या विचारा. काका त्या आनंदाने सांगतील. श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांतल्या बायकांची नावं घेतात. कितीतरी घरांत ती कुणीतरी वहीत लिहून ठेवलेली असतात. पणजीच्या सासूचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल, तर ती सवाष्ण गेली. ती लवकर गेली असेल, तर घरातल्या बाईमाणसांत वडीलधारं कोण उरलं, हेही विचारा. चूल कुणाच्या गळ्यात पडली ते तिथेच कळेल.

माहेर शोधायचं तर मामा शोधा. लग्नात नाव बदललं तरी मामा बदलत नाही. तिच्या मुलाच्या मुंजीला मामा कुठून आला होता? होडीने खाडी उतरून, की घाटावरून? आलाच नाही, असं उत्तर मिळालं तर तेही लिहून ठेवा.

तुम्ही पुढे विचारलंय, ‘तिने दुसरं लग्न का केलं नाही?’ हा प्रश्न आत्यांना विचारू नका. विधवाविवाहाचा कायदा 1856 पासून होता, हे खरं. पण 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा दापोली तालुक्यातल्या त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुरुषाची ही गत, तर पदरात मूल असलेल्या बाईने कुणाच्या आधारावर उंबरा ओलांडायचा?

आत्यांना साधं विचारा. ती कुठे निजायची? हळदीकुंकवाच्या दिवशी कुठे बसायची? फणसाची साठं कोण घालायचं? एरवी ‘बिचारी होती’ म्हणून विषय संपवणारी म्हातारी माणसं अशा प्रश्नांवर तासभर बोलतात. कदाचित कळेल, की ती गावभर बाळंतपणं करायची, किंवा भलती कजाग होती. तेही येऊ द्या. तिला नुसती सोसणारी करून ठेवलीत, तर कुलवृत्तांतापेक्षा वेगळं काय केलंत?

पितृपक्षाआधी काकांना फोन करा. तिथ्या विचारा, वहीतल्या पानाचा फोटो मागा. वाटपपत्राचं मे महिन्यात गावी गेल्यावर बघू, ओटीवर त्यांच्या शेजारी बसून.