फॉरमॅट मारू नका, जुनी डिस्क काढून ठेवा

तुम्ही विचारलंय की कर सल्लागाराच्या ऑफिसमधला सात वर्षं जुना कॉम्प्युटर (आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज १०) दिवसातून दोन-तीनदा निळी स्क्रीन दाखवून आपोआप रीस्टार्ट होतो. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून टाकू. मारावा का?

विंडोज नव्याने टाका, पण आजच नको. आणि सध्याची डिस्क पुसून तर मुळीच नको.

मी सांगलीत एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर सांभाळतो. २०१९च्या मार्चअखेरीला आमचं एक मशीन असंच बंद पडायला लागलं. बाहेरून माणूस बोलावला, तो फॉरमॅट मारून गेला. आठ दिवसांत पुन्हा तेच, पुन्हा फॉरमॅट. तिसऱ्या वेळी मी स्वतः कॅबिनेट उघडलं, रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, आणि मशीन दिवसभर न अडखळता चाललं. दोष रॅमचा होता, दोन्ही फॉरमॅट वाया गेले होते. त्याहून वाईट म्हणजे पहिल्याच फॉरमॅटमध्ये विंडोजच्या फोल्डरमधले जुने मराठी फॉन्ट गेले. २००६पासूनची सभांची इतिवृत्तं उघडली की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. युनिकोडच्या आधीच्या श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की मजकूर शाबूत असूनही वाचता येत नाही. अडगळीतल्या एका जुन्या मशीनच्या डिस्कवर ते फॉन्ट सापडले म्हणून ऑडिटच्या आधी निभावलं. तुमच्याकडेही पक्षकारांची जुनी मराठी पत्रं असणारच, म्हणून हे आधी सांगितलं.

आधी यंत्र तपासा. प्लग काढून कॅबिनेट उघडा, धूळ उडवा, प्रोसेसरचा पंखा नीट फिरतो का बघा. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोकं खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटलेल्या मी पाहिल्या आहेत. मग रात्री ऑफिस बंद करताना मेमटेस्ट८६ (पेनड्राइव्हवरून सुरू होणारं, रॅम तपासणारं साधन) लावून जा. सकाळी एकही चूक दिसली तर ती पट्टी बदलायची, विंडोजचा विचार नंतर. डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन आहे. त्यात निळ्याऐवजी पिवळा रंग दिसला तर दुसरं काही करू नका, आधी डेटा बाहेर काढा.

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ शोधलंत तर दिवसवार आलेख उघडतो, लाल फुल्या म्हणजे बंद पडल्याच्या नोंदी. फुल्या ज्या दिवशी सुरू झाल्या त्या दिवशी काय इन्स्टॉल झालं होतं ते बघा. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. दर वेळी वेगळीच चूक येत असेल तर रॅम किंवा एसएमपीएसवर (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) संशय घ्यायचा. निळी स्क्रीन न येता दिवा विझल्यासारखं मशीन बंद होत असेल तर एसएमपीएस आणि यूपीएस बदलून बघा.

यातून यंत्र निर्दोष निघालं, तर माझा आग्रह एकच: ५०० जीबीची नवी एसएसडी घ्या आणि विंडोज तिच्यावर टाका. जुन्या डिस्कला हात लावायचा नाही. काहीही विसरलं तरी ते त्या डिस्कवर असेल. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, त्यामुळे मूळ लायसन्स खरं असेल तर डिस्क बदलली तरी ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. कुणी क्रॅक मारून (म्हणजे लायसन्स न घेता चोरून चालू करून) दिलेलं असेल तर या वेळी लायसन्स विकत घ्या. पक्षकारांचे पॅन आणि पासवर्ड ज्या मशीनवर आहेत तिथे क्रॅक चालवणं मला मान्य नाही.

तरीही जुनी विंडोज चालू आहे तोवरच करायची काही कामं आहेत. टॅलीचा बॅकअप घ्या, शिवाय डेटा फोल्डरमधले आकडी नावाचे सगळे फोल्डर उचला, आणि तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून एखाद्या कंपनीचा ताळेबंद जुळतो का पाहा. न उघडलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही. त्यानंतर टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे नव्या विंडोजवर तेच पुन्हा चालू करता येईल. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल (तिच्यात ईमेल साठवलेले असतात) शोधून कॉपी करा. ब्राउझरमधले पासवर्ड एक्स्पोर्ट करा. फॉन्टचं पूर्ण फोल्डर कॉपी करा. डीएससीची (डिजिटल सहीची) काळजी नको, प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्येच असतं. फक्त टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलवर सही करण्यासाठी लागणारे एमसायनर आणि एमब्रिज नव्याने टाकावे लागतील.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर जुनी डिस्क हातात असूनही उघडणार नाही.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन तासाभराचं काम आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे ११च टाका. तुमचा प्रोसेसर त्यात बसतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) टीपीएम, म्हणजे विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय, बंद असेल तर इंटेल पीटीटी नावाने सापडेल, ते चालू करा. दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा, त्यातच लॅन कार्डचा ड्रायव्हरही ठेवा. इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढलेली असू द्या, म्हणजे चुकीची डिस्क निवडण्याचा प्रश्नच उरत नाही.

नंतर घाई करू नका. विंडोजचे अपडेट आणि मदरबोर्डाच्या कंपनीचे ड्रायव्हर टाकून मशीन एक पूर्ण दिवस नुसतं चालू ठेवा. त्यानंतर टॅली, प्रिंटर, डीएससी असं एकेक घाला आणि प्रत्येकानंतर अर्धा दिवस काम करून बघा. पुन्हा निळी स्क्रीन आली तर कशामुळे आली ते लगेच कळेल.

जुनी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा. ३१ डिसेंबरची जीएसटीची वार्षिक विवरणपत्रं भरून होईपर्यंत ती कुणालाही पुसू देऊ नका.