बहिणीच्या कानातल्यांसाठी कागदाची डबी करतोय, पण कोपरे चुरगळतात, झाकणही बसत नाही. काय चुकतंय?

तुमच्या वर्णनावरून ही जपानी ‘मासू’ दिसतेय. एकाच चौरस कागदाची, गोंद-कात्रीशिवाय होणारी डबी. (मासू म्हणजे तिकडचं तांदूळ मोजायचं लाकडी चौकोनी माप, आपल्या मापट्या-चिपट्यासारखं.)

तुम्ही लिहिलंय की मध्य सापडावा म्हणून आधी दोन्ही कर्णांवर घड्या घातल्या. गोम तिथेच आहे. मध्य तसाही सापडतो, पण त्या घड्यांचा पुढे कोपऱ्यांत काही उपयोग होत नाही. त्याऐवजी समोरासमोरच्या कडा जुळवून एक आडवी आणि एक उभी घडी घाला. त्याच घड्या नंतर डबीच्या चारही कोपऱ्यांतून तिरक्या जातात, आणि कागद नेमका त्याच रेषेवर आत वळायचा असतो. त्या घड्या कागद पालथा करूनही एकदा नखाने दाबून घ्या, कारण कोपऱ्यात त्या उलट्या बाजूने वळतात. मीही बरेच दिवस तो कोपरा अंदाजाने चेपत होतो. हात जड आहे म्हणून असं होतं, असं वाटायचं!

पुढचं सोपं आहे. चारही टोकं मध्यावर आणा. मग समोरासमोरच्या दोन कडा मध्यापर्यंत दुमडून उलगडा, उरलेल्या दोनही तशाच दुमडून उलगडा. आता समोरासमोरची दोनच टोकं पूर्ण उघडा. न उघडलेल्या दोन बाजू भिंतींसारख्या उभ्या करा, उघडं टोक वर उचला, दोन्हीकडचे कोपरे त्या तिरक्या घडीवर आपोआप आत जातील. टोक भिंतीवरून आत घेऊन तळाशी मध्यावर बसवा. दुसरीकडे तेच. बस.

कागद चौरस आहे ना, हे मात्र आधी बघा. दोन मिलिमीटरचाही फरक शेवटी टोकं जुळताना दिसतो. लग्नपत्रिकेचा कागद नको, घडीवर फुटतो. कॅलेंडरची जुनी पानं मला सगळ्यात आवडतात.

झाकणाचं म्हणाल, तर एकदा हळदीकुंकवाच्या वाणासाठी घरच्यांनी चाळीस डब्या करायला सांगितल्या. मी तळ आणि झाकण एकाच मापाच्या कागदाचे केले आणि एकही झाकण बसलं नाही. शेवटी सगळ्या उघड्याच वाटल्या. आता ए-फोरमधून झाकणाला २१ सेंटीमीटरचा चौरस कापतो आणि तळाला साडेवीसचा. रुंदीत पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, तेवढा पुरतो. छापील चौरस कागद कापायचा नसेल, तर झाकणाच्या कडा दुमडताना प्रत्येक कड मध्याच्या दीड मिलिमीटर अलीकडे थांबवा, झाकण तेवढंच जास्त रुंद होतं.

बहिणीच्या कानातल्यांसाठी १५ सेंटीमीटरचा कागद पुरे. तळ ५.३ सेंटीमीटर होतो, उंची त्याच्या निम्मी. लांब झुमके असतील तर ए-फोरवालीच करा, तिचा तळ सव्वासात सेंटीमीटरचा भरतो.